जिवंत माणसाचं सुतक

३ फेब्रुवारी

लूसेआने, माझी लेक, हिनं ऑकलंडहून ही वही पाठवली. म्हणते, "आई, रोज चार ओळी लिही. बाबा गेल्यापासून तू भिंतींशी बोलतेस." वहीत लिहितात कसं ते मात्र तिनं सांगितलं नाही. मला लिहिता येतात ती पत्रं, आणि पत्र सुरू होतं खुशालीनं. तेव्हा वहीबाई, आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेते.

लूसेआने, पाठ कशी आहे तुझी? जावईबापूंचा खोकला थांबला का? पौलियासी, माझ्या धाकट्या भावा, गुडघा कसा आहे? (तोंडावर विचारायची सोय नाही. बहिणीनं भावाच्या हातापायांची चौकशी करायची नसते. म्हणून इथं विचारते.) लेसिएली वहिनी, तुला काय धाड भरलीय, तू ठणठणीतच असणार. मानुसिऊ, चटया विणायला माझ्या शेजारी बसतेस आणि माझीच केवड्याची पात तुझी म्हणून ओढतेस, डोळे बरे आहेत ना? मी बरी आहे. सकाळी उठल्यावर तोंडाला कोरड पडते म्हणून उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, एवढंच.

आणि तालिता, तू कशी आहेस? हे विचारते आहे तोवर ती इथंच, माझ्या पायाशी, भर सकाळी पुन्हा झोपली आहे. तोंडाचा आ वासून.

तालिता म्हणजे पौलियासीची मुलगी, सात वर्षांची. नाव मी ठेवलं. माझे यजमान गेले तेव्हा घर खायला उठायचं. मी म्हटलं, तालिताला माझ्याकडे द्या. त्यांनी दिली. एकाच आवारात दोन घरं, त्यात काय मोठंसं! आणि आत्यानं मागितलं न् भावानं दिलं नाही, असं आमच्या बेटावर अजून कुणी ऐकलेलं नाही.

११ फेब्रुवारी

शाळेत दातांची नर्स आली होती. सिसिलिया नाव. कालची पोर, पण बोलणं दहा पाद्र्यांचं. निरोप आला म्हणून मी गेले. लेसिएली आली, पौलियासीही आला. पण मी आत असल्यामुळे तो बाहेर, फणसाच्या झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून बसला. रीतच आहे.

नर्सनं तालिताच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. वाफ धरलीच नाही म्हणा ना.

"आजी, ही रात्री घोरते का?"

"आमच्या घरात सगळेच घोरतात. माझे वडील घोरायचे तेव्हा कोंबडे पहाट झाली समजून आरवायचे."

"अंथरूण ओलं करते?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पौलियासीनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. असल्या गोष्टी बहीणभावांच्या कानांवर एकदम पडायच्या नसतात, हे त्या पोरीला कुणी शिकवलं नाही वाटतं. लेसिएली हळूच म्हणाली, "करते."

मग नर्सनं टाळू दाखवली. उंच आणि अरुंद, उलट्या होडीसारखी. दात एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे. म्हणे, नाकानं श्वास जात नाही म्हणून ती तोंडानं घेते. तोंड सदा उघडं, म्हणून जीभ टाळूला टेकायची ती खाली पडून राहते, मग वरचा जबडा रुंद व्हायचा तो होत नाही आणि चेहरा लांब लांब होत जातो. रात्री झोप लागते ती अर्धीमुर्धी, म्हणून वर्गात पेंगते, म्हणून अंगी लागत नाही. "नाकाच्या मागं मांस वाढलेलं असणार. राजधानीत घशाचे डॉक्टर आहेत. त्यांना दाखवा. बहुतेक काढावं लागेल. छोटी शस्त्रक्रिया असते."

मी म्हटलं, "बाई गं, ही लांबट चेहऱ्याची ठेवण माझ्या वडिलांची. आमच्या घराण्याची. घरी फोटो आहे."

"फोटोत त्यांचं तोंड मिटलेलं आहे का, आजी?"

"त्या काळी तोंड उघडं ठेवूनच फोटो काढायची पद्धत होती!"

लेसिएलीनं मान खाली घातली. हसली की काय कोण जाणे.

घरी आल्यावर मी दारात बसून, समोरच्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "पोरीच्या घशात सुरी घालायची नाही. माझ्याकडे औषध आहे." पौलियासी अंगणात कुदळ पुशीत होता. म्हणाला, "तू म्हणशील तसं, ताई."

असा भाऊ मिळायला पुण्य लागतं.

२३ फेब्रुवारी

औषध सुरू केलं. मला कुणी शिकवलेलं नाही, आजीचं बघून बघून शिकले. पानांचा रस काढून फडक्यातून नाकात पिळायचा. तालिता ठणाणा रडते, पण नाक वाहतं, म्हणजे गुण येतोय.

आणखी एक युक्ती मलाच सुचली. तोंड उघडं राहतं ही सवय आहे ना? मग सवय मोडायची. मऊ फडक्याची पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधली. पहिल्या दिवशी हातपाय झाडले, म्हणाली, "आत्या, मी बुडतेय." म्हटलं, "वेडे, बेटावर कोण बुडतं?" मग गप्प झाली. लेकराला वळण लावायचं तर आपलं काळीज दगडाचं करावं लागतं.

पट्टी सकाळी जागेवर असते. फक्त गाठ बघून नवल वाटतं. मी विणकराची गाठ मारते, चपटी. सकाळी पाहावं तर गोल, दुहेरी. झोपेत फिरत असेल.

९ मार्च

मे महिन्यात मुलांचा रविवार. देवळात प्रत्येक पोर नवे पांढरे कपडे घालून आपलं आपलं स्तोत्र म्हणतं, सगळा गाव डोळ्यांत पाणी आणून ऐकतो, मग घरी पोरांना आधी जेवायला वाढायचं आणि मोठ्यांनी मागून जेवायचं. तालिताला यंदा सहा कडव्यांचं दिलंय. पाठ सगळं आहे, पण एक ओळ धड पुरी होत नाही. मध्येच थांबते, माशासारखं तोंड उघडून हवा घेते, मग पुढची अर्धी.

"तोंड मीट!"

"मिटलं तर म्हणू कशी, आत्या?"

मानुसिऊ चटईवरून पडायची राहिली हसता हसता. म्हणाली, "आकानेसी, पोरीला श्वास पुरत नाही गं. दाखव ना कुणाला तरी."

"तुझ्या डोळ्यांचं दाखव आधी. काल तू माझ्या चटईची कड विणत होतीस."

मानुसिऊ बोलली नाही मग. हल्ली बायका माझ्यापुढे लवकर गप्प होतात. वयाचा मान ठेवतात.

२ एप्रिल

वाईट बातमी. पौलियासी सकाळी दाराबाहेर येऊन उभा राहिला, नजर खाली. "ताई, लेसिएलीचा चुलत भाऊ वारला. राजधानीतला, नुकुआलोफाचा उआइसेले. तिला जायला हवं. तालितालाही नेते म्हणते. मामाचं शेवटचं..."

मर्तिकाला नाही कोण म्हणेल? हा उआइसेले मी एका लग्नात पाहिलेला, मोठा हसरा माणूस, एकटा अख्खं डुक्कर संपवील असा. म्हटलं, "अरे रे! कशानं?"

पौलियासी घुटमळला. "श्वासाचं काहीतरी."

लेसिएली आली ती रडतच. खरं सांगते, इतकी रडताना मी तिला तिची आई गेली तेव्हासुद्धा पाहिली नव्हती. मला भरून आलं. आत गेले आणि मयताला आहेर द्यायला माझी मोठी चटई काढली. वर्षभर विणत होते, केवड्याची पात समुद्राच्या पाण्यात भिजवून, वाळवून, दोऱ्यासारखी बारीक चिरून. तालिताच्या लग्नाला म्हणून ठेवली होती. पण माझ्या वहिनीच्या माहेरच्या मयतावर आमच्या घरातनं हलकी चटई जाणं बरं दिसत नाही.

"वन्सं, ही नको. एवढी मोठी नको. मी हात जोडते."

"गप गं. माहेरच्यांपुढे तुझी मान ताठ राहायला हवी."

तर ती माझ्या पायांवर कोसळली. चुलत भावावर एवढा जीव! मी तिला उगाच कोरडी समजत होते इतकी वर्षं.

तालितानं बोटीकडे जाताना हात हलवला. मी पट्टी पिशवीत घातली आहे, रोज बांधायला सांगितलं आहे.

६ एप्रिल

मी काळं नेसते आहे. लांबचा का होईना, सोयरा माणूस. सुतकाची रीत म्हणून कमरेला जुनी चटई बांधते. रोज संध्याकाळी त्याच्या नावानं एक गाणं म्हणते. विणायला गेले तर मानुसिऊ म्हणाली, "आकानेसी, काढ की ते काळं आता. उकडतंय किती."

"मेलेल्याला उकडत नाही का?"

ती जी खोकत बाहेर गेली ती घरी जायची वेळ झाली तरी आत आली नाही. बाकीच्या बायका पातींत तोंड घालून बसल्या. दुसऱ्याच्या दुःखाची चाड राहिलेली नाही या गावाला.

घर फार मोठं वाटतं. तालिताचं घोरणं नाही, तर मला झोप येत नाही.

१५ एप्रिल

 

बोट आली म्हणून धक्क्यावर गेले होते. कुणी तालिताची खबर आणली असेल म्हणून. बोटीतून पहिला उतरला तो उआइसेले.

मी देवाचं नाव घेतलं. तो उतरला, डोक्यावर केळ्यांचा घड, आणि हसत थेट माझ्याकडे आला. "आजी! नमस्कार, नमस्कार! अहो, हे काळं कुणासाठी?"

 हमालसुद्धा थांबले.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" तो मोठ्यांदा हसला. "मग जेवण कुठाय? मेल्यापासून कुणी जेवायला घातलं नाही मला!" मग माझा चेहरा पाहून त्याचं हसू वाळलं. त्या बिचाऱ्याला त्याच्या मरणाचं कुणी कळवलंच नव्हतं. तो आला होता तालिताचे कपडे आणि दप्तर न्यायला. "शस्त्रक्रिया झकास झाली, आजी. नाकामागून हे एवढं मांस काढलं. पोर पहिल्याच रात्री तोंड मिटून झोपली. लेसिएली रात्रभर घाबरून उठून बघत होती, आवाज का येत नाही म्हणून!"

"आणि माझी चटई?"

"ती? तालिता त्यावरच झोपते. लेसिएली दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाही."

मी तिथंच, सगळ्यांदेखत, कमरेची चटई सोडली आणि समुद्रात फेकली. ती बुडेनासुद्धा. धक्क्याला आपटत राहिली.

१६ एप्रिल

अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मानुसिऊला ठाऊक. पाद्र्याला ठाऊक. दुकानदाराला ठाऊक. मी रोज संध्याकाळी जिवंत माणसासाठी रडगाणं म्हणत होते आणि गाव शेजारच्या घरांतून कान देऊन ऐकत होतं.

मी काय कमी केलं? नाव ठेवलं, खाऊपिऊ घातलं, रात्री उठून पांघरूण घातलं. पट्टी बांधली ती काय वैर म्हणून? ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

लेसिएलीचं एक वेळ सोडा, ती परक्या घरातली. पण पौलियासी! माझ्या पाठीवर आलेला माझा भाऊ. दारात उभं राहून, नजर खाली घालून, मरणाचं खोटं बोलला. मी त्याची खाली घातलेली नजर पाहून म्हणत होते, किती रीतीचा.

मानुसिऊला विचारलं, "तू तरी सांगायचंस."

"तुला?" ती म्हणाली. "आकानेसी, तुला कुणी कधी काही सांगितलंय का?"

याला काय अर्थ? मला तर सगळे सगळं सांगतात.

आत्याचा शाप भावाच्या पोरांना लागतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो शब्द आज माझ्या ओठांवर आला होता. मी पाणी प्यायले. तांब्याभर. गिळला.

२० एप्रिल

आज ईस्टर. देवळातून आले तर पौलियासी अंगणात उन्हात मांडी घालून बसलेला. कमरेला फाटकी चटई, गळ्यात पानांची माळ, मान खाली. राजासमोर माफी मागायला बसतात तसा. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

बसू दे.

फटीतून पाहिलं. बसलेला. उकडलेला सुरण पानात थंड झाला. पुन्हा पाहिलं. गुडघा दुखत असणार, एक पाय सारखा हलवत होता. शेवटी मी दाराच्या आतूनच बोलले.

"तुला 'नाही' म्हणायला जीभ नव्हती?"

त्यानं दुखरा पाय सरळ केला. मग म्हणाला, "ताई, माझ्या जन्मात तुला कुणी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ते कसं म्हणतात मला ठाऊक नाही."

"म्हणून माणूस मारलात?"

"दुसरं काही सुचलं नाही. मर्तिकाला तू अडवत नाहीस." मग अगदी हळू म्हणाला, "ताई, पोर निळी पडायची. लेसिएली रोज रात्री येऊन पट्टी सोडायची आणि तू उठायच्या आत पुन्हा बांधायची. महिनाभर तिची झोप झालेली नाही."

ती गोल गाठ.

  माझ्याच घरात, माझ्याच उशापाशी, चोरासारखी येऊन माझी गाठ सोडत होती आणि मला पत्ता नाही. मी अशी गाढ झोपते? माझे वडीलही असेच झोपायचे. घोरायचे, मध्येच आवाज बंद व्हायचा, आई त्यांना हलवायची. दिवसा प्रार्थनेतही पेंगायचे. आणि एक दिवस हलवायला आई जागी नव्हती.

"ती परत कधी येणार?" मी विचारलं.

"लेसिएली घाबरते. तू शाप दिलास की काय म्हणून. तुझा शब्द मिळाल्याशिवाय ती पोरीला घेऊन बोटीवर चढणार नाही. डॉक्टर म्हणतात आता आणता येईल. पण ती चढणार नाही."

म्हणजे माझ्या तालिताला माझ्यापासूनच लपवून ठेवलंय.

मी शहाळं सोलून दाराबाहेर ठेवलं. म्हटलं, "ऊन लागेल. ऊठ." क्षमा केली असं मी म्हटलेलं नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

४ मे

मुलांचा रविवार. मी पांढरा झगा शिवून ठेवला होता तालिताचा, तो खुंटीला. देवळात प्रत्येकाच्या पोरानं स्तोत्र म्हटलं. तालिताची पाळी आली तेव्हा पाद्री तिचं नाव गाळून पुढे गेला. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहायला नको म्हणून छताकडे पाहिलं.

जेवायला पौलियासीकडून पान आलं. मी हात लावला नाही. मग उआइसेले आला. कपडे नि दप्तर दुसऱ्याच्या हाती पाठवून हा अजून इथंच आहे, गावानं त्याला 'मयत' म्हणून हाक मारायला सुरुवात केलीय, तोही ओ देतो. त्याच्या हातात फोन.

"आजी, तिथल्या देवळातलं आलंय. बघता का? नाहीतर मी जातो."

"मेलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. बस."

फोनमध्ये तालिता. कुणाचातरी उसना पांढरा झगा, बाह्या लांब. ती उभी राहिली, तोंड मिटलं, नाकानं श्वास घेतला. दिसला मला तो श्वास, छाती वर आली. आणि सहाच्या सहा कडवी. एकही ओळ तुटली नाही. शेवटची तर इतकी लांब धरली की तिथल्या म्हाताऱ्या हुंदके द्यायला लागल्या.

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

तोंड मिटलेलं असताना ती माझ्या वडिलांसारखी दिसत नाही. लेसिएलीच्या आईसारखी दिसते. हुबेहूब. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

उआइसेले म्हणाला, "उद्या बोट आहे. काही निरोप?"

म्हटलं, "सकाळी ये. लिहून देते."

५ मे

पाठवायचं ते आधी इथं लिहून बघते, म्हणजे तिथं खाडाखोड नको.

लेसिएली,

मी शाप दिलेला नाही. ओठांवर आला होता तो गिळला, पाद्र्याच्या साक्षीनं सांगायला तयार आहे. तेव्हा बोटीवर चढायला हरकत नाही. तुम्ही माझं जे केलंत ते मी विसरणार नाही. जिवंत माणसासाठी मला रडवलंत. पण चटई परत आणू नकोस. ती तिच्याखालीच राहू दे. ज्या कामाला लागली त्याच कामाला लागू दे.

पोर तुझ्याच घरी झोपेल. दिवसा माझ्याकडे येईल, यायचं असलं तर. पट्टी फेकून दे.

तिथल्या डॉक्टरांना एवढं विचार, की म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला सकाळी कोरड पडते, झोपून उठलं तरी दिवसा पेंग येते, त्याला काय करतात? मला नाही गं. मानुसिऊ विचारत होती.

तालिता, बाळा, आत्याचं हे तुझ्यासाठी, आईकडून वाचून घे. मी झगा शिवलाय, खुंटीला आहे, कुणाला दिलेला नाही. स्तोत्र मी पाहिलं. छान झालं. आता तुला एक काम देते. मला कुणी कधी 'नाही' म्हणत नाही म्हणतात. तू लिहून बघ. माझं जे जे आवडत नाही ते लिही. पानांचा रस, पट्टी, काय असेल ते. अक्षर कसंही असू दे. मी रागावले तर रागावले, कागदाला काय होतंय?

पण लवकर लिही. उआइसेले पुढच्या बोटीनं परत येतोय, मेला तरी येईन म्हणतो. त्याच्याच हाती दे.